तारीख संपण्याआधी

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो. जवानांपर्यंत शिधा पोचवणं हे आमचं काम. आमच्या कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथं बंगळुरूतच आहे, आणि निवृत्तीनंतर मीही इथंच राहतो. सुपरमार्केटमध्ये गेलो की जुन्या सवयीनं आधी पाकिटावरची तारीख बघतो.

उद्या मुदत संपणारा ब्रेड आज चांगलाच असतो. तो खपणार नाही, हे दुकानदाराला संध्याकाळीच कळतं. तरी तो भुकेल्या माणसापर्यंत जात नाही. देण्याची इच्छा असते. पण गाडी, माणूस आणि वेळ यांची सांगड बसत नाही.

कायद्यानं वाट अडवलेली नाही. शिल्लक अन्न गोळा करून वाटण्याचे एफएसएसएआयचे नियम १ जुलै २०२० पासून लागू आहेत. फ्रान्सनं २०१६ मध्ये ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना संस्थांशी दानाचे करारच करायला लावले. करारामुळे वार ठरतो, वेळ ठरते, नोंद राहते. दूध-पनीरसाठी बर्फाची पेटी वेळेवर हजर असते. शिधा असाच पोचतो, नुसत्या कळवळ्यानं नाही.

एक पथ्य मात्र पाळायचं. मुदत संपल्यावर दिलेलं अन्न हे दान नव्हे. तो आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं झालं. जे माझ्या जवानाच्या ताटात वाढलं नसतं, ते कुणाच्याच ताटात नको.

तुमच्या जवळच्या दुकानात मॅनेजरला एवढंच विचारा, "उद्या मुदत संपणारा माल आज कुठं जातो?" उत्तर नसेल, तर तिथूनच कामाला लागा.

जय हिंद.