एका तालावर वीस वल्ही
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मी बारावीत शिकते आणि मला ड्रॅगन बोट शर्यतीचं वेड आहे. आजोबा विचारतात, "पोरी, अर्जुनी मोरगावात समुद्र कुठं आहे?" समुद्र नाही, पण नवेगावबांधचा तलाव आहे ना! आणि ही शर्यत मुळात समुद्राची नाहीच, नदीची आहे.

चीनमध्ये सुमारे २३०० वर्षांपूर्वी छू युआन नावाचे कवी आणि मंत्री होऊन गेले. आपलं राज्य बुडताना बघवेना, म्हणून त्यांनी मिलुओ नदीत उडी घेतली, अशी कथा आहे. लोक होड्या घेऊन त्यांना वाचवायला धावले. मासे दूर राहावेत म्हणून ढोल बडवले, पाण्यात भात टाकला. ते सापडले नाहीत. पण तिथल्या पंचांगाप्रमाणे पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी आजही होड्या निघतात, पानात बांधलेला भात घरोघरी शिजतो. शर्यतीआधी होडीवरच्या ड्रॅगनचे डोळे रंगवून त्याला जागं करतात. २००९ मध्ये युनेस्कोने या सणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

मोठ्या होडीत वीस जण दोन-दोनच्या रांगेत बसतात. पुढे ढोलवाला, मागे सुकाणू धरणारा. यात एकट्याने जोर लावून भागत नाही, वल्ही एकदमच पाण्यात पडावी लागतात. केरळात आलप्पुळाला १९५२ पासून नेहरू ट्रॉफीची शर्यत होते. तिथे तर शंभरेक माणसं गाण्याच्या ठेक्यावर एक होडी वल्हवतात. आपल्याकडे रोवणीला बायका गाणी म्हणत एका ओळीत धान लावतात, अगदी तसंच!

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर हाताला सूज येईल म्हणून बायकांना जोराची कामं करू देत नसत. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेंझी यांनी अशा २४ जणींना व्यायाम शिकवून ड्रॅगन बोटीत बसवलं. त्या हंगामात एकीलाही नव्याने सूज आली नाही. आज अशा बायकांचे संघ अनेक देशांत आहेत. माझ्या मावशीचं हेच ऑपरेशन झालंय. वर्षभर ती कुणाकडे हळदीकुंकवालाही गेली नव्हती. तिला मी हे सांगितलं. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाली, "डॉक्टरांना विचारून बघते, मला काय काय करता येईल ते."

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कवी वाचले नाहीत, तरी लोकांनी होड्या बाहेर काढणं सोडलं नाही. आपल्याही सोसायटीत कुणी दार लावून बसलं असेल, तर ढोल वाजवत त्यांच्यापर्यंत जाऊया. गणपतीचा ढोल आपल्याकडे आहे, वीस माणसंही आहेत. होडी तेवढी कमिटीने बघावी!