बासनातील पुस्तके
(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी. पर्यावरणावर बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. तथापि ‘शाश्वत विकास’ हा शब्द व्यापाऱ्यास परका नाही. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर निर्वाह करावा, हा पेढीवरचा पहिला धडा. आजच्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांची वाट बंद होऊ नये, हे ब्रुंटलँड आयोगाने १९८७ साली जगास सांगितले, ते याहून वेगळे नाही.

आपल्या भागाचे मुद्दल म्हणजे पाणी. शिरूर घोड नदीच्या काठी वसले, म्हणून जुनी माणसे त्यास घोडनदीच म्हणतात. दौंड भीमेच्या काठी. घोड पुढे भीमेसच मिळते. म्हणजे दोन्ही गावांचे खाते एकच. एका सुती टी-शर्टामागे, कापसाच्या पेरणीपासून धरल्यास, सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा अंदाज सांगितला जातो. हे प्रथम वाचले, त्या दिवशी गादीवर बसून समोरच्या ताग्यांकडे मी निराळ्या नजरेने पाहिले. वाचनाचे सामर्थ्य ते हेच.

हे वाचन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावे म्हणून प्रयत्न झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाविषयी निर्देश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. त्या अभ्यासक्रमात जवळची नदी, माळ, डोंगर प्रत्यक्ष पाहून नोंदी करण्याचीही योजना होती. पुस्तक आणि नदी यांची अशी सांगड घालणे हेच खरे शिक्षण होय.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. वडिलांच्या स्मरणार्थ मी परिसरातील एका महाविद्यालयास पुस्तकांनी भरलेले काचेचे कपाट दिले होते. काही वर्षांनी तेथे जाण्याचा योग आला. कपाटास कुलूप होते. आतील पुस्तके कोरी करकरीत. एकाही पुस्तकावर देवघेवीची नोंद नव्हती. ग्रंथपाल संकोचाने म्हणाले, “शेठजी, देणगीचे पुस्तक हरवले तर आपणांस वाईट वाटेल, म्हणून बाहेर देत नाही.” दोष त्यांचा नव्हता. विद्यार्थ्यांना कोणती पुस्तके हवी आहेत, हे मी विचारलेच नव्हते. नावाची पाटी मात्र दोनदा तपासून घेतली होती!

पूर्वी चोपड्या व पोथ्या कापडात बांधीत. त्या कापडास बासन म्हणतात. बासन जतनासाठी असते, परंतु ‘बासनात गुंडाळणे’ याचा अर्थ आपण सारे जाणतो. ज्ञानपंचमीस ज्ञानभांडारातील पोथ्या उघडून, स्वच्छ करून पुजण्याची आपली परंपरा आहे. उघडणे हेही जतनाचेच अंग आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतील पहिले सूत्रही, ग्रंथ उपयोगासाठी असतात, असेच सांगते.

हिशेबाने पाहू. तीनशे रुपयांचे पुस्तक एकानेच वाचून रद्दीत घातले, तर वाचन तीनशे रुपयांस पडले. तेच तीस जणांनी वाचले, तर दहा रुपयांस पडले; शिवाय एकोणतीस प्रतींचा कागद, शाई आणि पाणी वाचले. वहीखात्यात पुस्तकावर घसारा धरावा लागतो. वाचकाच्या हाती मात्र त्याचे मोल वाढत जाते. अपरिग्रह म्हणजे केवळ कमी बाळगणे नव्हे. जे आहे ते अनेकांच्या उपयोगी पडू देणे, असा त्याचा अर्थ मी आता घेतो.

म्हणून सुवर्ण महोत्सवी वर्षात माझ्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली, महोत्सवाच्या भेटवस्तूंवरील खर्च कमी करून ती रक्कम दोन्ही गावांच्या महाविद्यालयांतील पुस्तकपेढीस द्यावी. पुस्तके विद्यार्थी व प्राध्यापकांनी निवडावीत, सत्र संपताच ती पुढील विद्यार्थ्याच्या हाती जावीत, आणि हरवलेल्या पुस्तकाचा भार ट्रस्टने सोसावा. दुसरी, विद्यार्थ्यांनी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर आपापल्या गावच्या विहिरींची पातळी मोजून तिची नोंदवही ग्रंथालयात ठेवावी. पाऊस जमेस, उपसा नावे! दहा वर्षांत आपल्या पाण्याची एक खतावणी तयार होईल. असे पुस्तक बाजारात विकत मिळत नाही.

शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांच्या फलकांवर बोरा, कटारिया ही नावे आपण वाचतो. त्या नावांचा मान राखायचा, तर पाटीपेक्षा किल्लीची काळजी अधिक घेतली पाहिजे. माझ्या कपाटाचे कुलूप मी काढावयास लावले आहे. त्यातील काही पुस्तके हरवतीलही. ती कोणाच्या तरी घरी वाचली जात असतील, असे समजून मी तेवढी रक्कम आनंदाने खर्ची टाकीन.