तापमापक आधी, जीवाणू नंतर



अध्यक्षीय भाषणात आपल्या शास्त्राच्या यशाची उजळणी करायची रीत आहे. आजचा विषय, म्हणजे मातीतल्या एका लिपिडवरून जुनं तापमान वाचण्याची रीत, त्यात थोडा अवघडून बसतो, कारण त्यात यश आहे आणि घाईही आहे.

पीट म्हणजे पाणथळ जागी, प्राणवायूच्या अभावी अर्धवट कुजत साचत गेलेला वनस्पतींचा थर. २००० साली नेदरलँड्समध्ये याप सिनिंगे दामस्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पीटमधल्या एका चमत्कारिक लिपिडची रचना उलगडली. सर्वसाधारण जीवाणूचं पेशीपटल दुपदरी असतं आणि त्यात मेदाम्लांच्या साखळ्या ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जोडलेल्या असतात. आर्किआ या जीवाणूंहून वेगळ्या सूक्ष्मजीवांची तऱ्हा निराळी. त्यांच्याकडे ईथर बंध असतात, साखळ्या आयसोप्रीनच्या घडणीच्या असतात आणि अनेकांच्या पटलात तर रेणू या काठापासून त्या काठापर्यंत अखंड गेलेला असतो. उकळत्या झऱ्यांत तग धरायला ही बांधणी फार कामाची. पीटमधल्या रेणूत ईथर बंध होते, तो पटलाच्या आरपारही होता. पण साखळ्या आयसोप्रीनच्या नव्हत्या, त्यांना जागोजागी मिथिलच्या फांद्या फुटलेल्या होत्या. मग हा रेणू बनवला कोणी? योहान वायर्स आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या पीटवर काम करून २००६ साली निवाडा दिला. ग्लिसरॉलची डावी-उजवी ठेवण जीवाणूंची निघाली. थंड, आंबट चिखलात राहणाऱ्या जीवाणूने आर्किआंच्या थाटाचं पटल विणलं होतं!

पुढच्याच वर्षी या लिपिडचा तापमापक झाला. जगभरातल्या ९० ठिकाणच्या १३४ माती-नमुन्यांची तुलना केली, तेव्हा दोन गोष्टी ठळक दिसल्या. हवा जितकी थंड, तितक्या मिथिलच्या फांद्या जास्त. आणि मातीचा सामू जितका चढा, तितकी साखळीतली पाच कार्बनांची कडी जास्त. पहिल्या गोष्टीचं कारण समजायला सोपं आहे. थंडीत तूप थिजतं तसं पटल थिजलं तर पेशीचा कारभारच थांबेल. फांद्यांमुळे साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटत नाहीत आणि पटल प्रवाही राहतं. जीवाणू मेला तरी ईथर बंध सहजी तुटत नाहीत. मातीत, गाळात, लिग्नाइटमध्येसुद्धा हा रेणू लाखो वर्षं टिकतो. काँगो नदीच्या मुखासमोरच्या समुद्रतळातला गाळ तपासून वायर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मध्य आफ्रिकेच्या गेल्या २५,००० वर्षांचं तापमान मांडलं: हिमयुगाच्या अखेरीस सुमारे २१ अंश, पुढे चढत २५ अंशांपर्यंत.

या सगळ्या काळात हा रेणू बनवणारा जीवाणू मात्र कुणाच्याही बशीत वाढलेला नव्हता.

संशय होता अ‍ॅसिडोबॅक्टेरिया गटावर. मातीत हे मुबलक असतात, पण प्रयोगशाळेत वाढवायला महाचिवट. २०११ साली त्यांच्या १३ प्रजाती तपासल्या, तेव्हा सगळ्यांत रेणूचा कच्चा माल सापडला. पूर्ण रेणू दोनच वाणांत, तोही नावापुरता. खरा पुरावा यायला २०२२ उजाडलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतातल्या कुरणाच्या मातीतून पूर्वीच वेगळा केलेला सॉलिबॅक्टर युसिटाटस हा जीवाणू या लिपिडचे अनेक प्रकार बनवतो, आणि थंडीत फांद्या वाढवतो, हे त्या वर्षी दिसलं. तापमापकाला अखेर मालक मिळाला. मात्र त्याच्याच गटातल्या दुसऱ्या एका जीवाणूवरच्या प्रयोगांत प्राणवायू कमी केल्यावर या लिपिडचं उत्पादन वाढलं होतं. म्हणजे रेणू केवळ हवेचीच खबर देतो असं नाही.

जीवाणू हाती येण्याआधीच तापमापक वापरण्याच्या घाईची किंमत याआधीच दिसू लागली होती. कोरड्या, अल्कधर्मी मातीतून भलतीच तापमानं येत होती. २०१४ साली सिंडी दे याँग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पाचव्या आणि सहाव्या कार्बनवर फांदी असलेले दोन जुळे रेणू आतापर्यंत एकत्रच मोजले जात होते. ते वेगळे केल्यावर बराच गोंधळ निवळला. पीटसाठी तर वेगळंच कोष्टक लागलं. २०१७ साली ९६ पीटभूमींतल्या ४७० नमुन्यांवरून ते तयार झालं.

या सभागृहाला जवळचं उदाहरण गोदावरीचं. उट्रेख्ट विद्यापीठातल्या फ्रेडरिक किर्केल्स आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली गोदावरीच्या खोऱ्यातली माती, पाण्यातला गढूळ गाळ आणि पात्रातला तळगाळ तपासला. खोऱ्याच्या वरच्या भागात, म्हणजे मुख्यतः महाराष्ट्रात, पाऊस कमी आणि धरणं जास्त. तिथली माती फारशी खाली वाहतच नाही. तिथल्या गाळात सहाव्या कार्बनवर फांदी असलेले रेणू बारमाही जास्त दिसले, आणि ते मातीतून आलेले नसून नदीच्या पाण्यातच तयार झाले असावेत असा निष्कर्ष निघाला. मातीचं लिपिड बंगालच्या उपसागरापर्यंत पोचतं ते पावसाळ्यात, आणि तेही प्रामुख्याने खालच्या खोऱ्यातलं. मुखाजवळच्या सागरी गाळात तर खोऱ्याची ओळखच बरीचशी पुसलेली आढळली. तेव्हा समुद्रतळाच्या गाळावरून दख्खनच्या पठाराचं जुनं तापमान वाचू पाहणाऱ्याने आधी नाशिक-पैठणच्या काळ्या मातीत आणि जायकवाडी धरणाच्या साचलेल्या पाण्यात हा रेणू कोण बनवतं ते शोधायला हवं. त्या कामाला लागणारे मृदाशास्त्रज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आज याच सभागृहात, पण दोन वेगळ्या रांगांत बसले आहेत.