सीताफळ : बाजाराआधी घरासाठी

लोणार परिसरातील शेतकरी बंधू-भगिनींनो,

आपल्याकडे सीताफळाला कोणी पीक समजत नाही. बांधावर, नाल्याकाठी ते आपले आपण वाढते. सरोवराच्या उतारावरही त्याची झाडे आहेत. तो भाग २००० सालापासून अभयारण्य असल्याने तेथील फळे पाखरांसाठीच सोडावीत. पण बांधावरच्या झाडाचे काय होते? चांगली फळे पाटीत भरून बाजारात जातात आणि फुटकी, किडकी तेवढी मुलांच्या वाट्याला येतात.

हे फळ साधे नाही. त्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १०० कॅलरी असतात, म्हणजे सफरचंदाच्या जवळपास दुप्पट. 'क' जीवनसत्त्व ३५ मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. शहरात मोठ्या भावाने विकल्या जाणाऱ्या पीचमध्ये ते याच्या पाव हिश्श्याइतकेही नसते. वाढत्या वयाच्या मुलांना आणि अंगमेहनत करणाऱ्यांना रोज एक फळ अवश्य द्यावे. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून बेतानेच खावे.

दिवाळीचा दर साधण्यासाठी कोवळी फळे तोडू नयेत. सीताफळ तोडल्यावर पिकते हे खरे, पण झाडावर पक्व झालेले असेल तरच. कोवळे फळ सुरकुतते, काळे पडते. ते ना विकता येते, ना खाता येते. डोळे उघडले, म्हणजे दोन डोळ्यांमधील भेग रुंद होऊन तेथे पिवळसर पांढरी छटा दिसू लागली, की तोडणी करावी. बाजारातून घेतानाही हीच खूण पाहावी. डोळ्यांच्या फटीत कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण; असे फळ घेऊ नये.

तोडलेली फळे हवेशीर जागी गवतावर किंवा कागदावर एकाच थरात अढी घालून ठेवावीत. तीन-चार दिवसांत ती पिकतात, पण सगळी एकदम नव्हे, म्हणून रोज सकाळी हलक्या हाताने दाबून पाहावीत. कार्बाईडला कायद्याने बंदी आहे आणि या फळाला त्याची गरजही नाही. कच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवू नये. साल काळी पडते आणि गर नीट पिकत नाही. पिकलेले फळ एखादा दिवस ठेवण्यास हरकत नाही.

भगिनींनो, बासुंदी करताना गर दुधात उकळू नका. तो कडवट होतो आणि 'क' जीवनसत्त्वही कमी होते. दूध आटवून पूर्ण थंड झाल्यावरच गर मिसळा.

लहान मुलांना बिया काढूनच गर द्यावा. बी चुकून गिळली गेली तर सहसा अपाय होत नाही, पण ती चावू नये, कुटूही नये. उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावण्याची पद्धत अजून काही घरांत आहे, ती बंद करावी. ही पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. तसे झालेच तर डोळे न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.