शत्रुपक्षाचे म्हणणे : पगवॉश परिषदांचा अनुभव

शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या सरकारांना एकमेकांचे ऐकून घेणे जड जाऊ लागले, तेव्हा त्या कामाचा काही भार शास्त्रज्ञांच्या पगवॉश परिषदांनी उचलला. दोन्ही गटांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसावे, ही मागणी 9 जुलै 1955 रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रसेल-आइनस्टाइन जाहीरनाम्यात होती. पहिली बैठक दिल्लीत भरवण्याचा विचार सुएझच्या संघर्षामुळे बारगळला. मग सायरस ईटन या उद्योगपतीने खर्च उचलला आणि जुलै 1957 मध्ये कॅनडातील त्याच्या जन्मगावी, पगवॉशला, 22 शास्त्रज्ञ जमले. त्यांत अमेरिकन, सोव्हिएत, जपानी होते, तसा एक चिनीही होता.

येणारा प्रत्येक जण स्वतःपुरता बोले, सरकारच्या वतीने नव्हे. चर्चा बंद दाराआड होई आणि कोण काय बोलले, ते बाहेर सांगितले जात नसे. अर्थात सोव्हिएत शास्त्रज्ञाला सरकारी परवानगीवाचून देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हते, त्यामुळे ही व्यक्तिगत भूमिका अर्धीमुर्धीच खरी होती. टीकाकार त्यावर बोट ठेवत आणि त्यांचे चूक नव्हते. पण सरकारशी असलेल्या याच जवळिकीमुळे तेथे ऐकलेले मॉस्कोतल्या वरिष्ठांच्या कानावरही जाई.

या पद्धतीची खरी कसोटी 1964 च्या आरंभी उदयपूरच्या परिषदेत लागली. जॅक रुइना आणि मरे गेल-मान या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तेथे क्षेपणास्त्रविरोधी संरक्षणावर निबंध मांडला. एका देशाने असे संरक्षण उभारले की ते भेदण्यासाठी दुसरा आपली क्षेपणास्त्रे वाढवतो, म्हणून ढाल बांधल्याने शर्यत आणखी भडकते, असा त्यांचा युक्तिवाद होता. सोव्हिएत श्रोत्यांना तो पटला नाही. त्यांच्या नकाराला केवळ हटवादीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. दुसऱ्या महायुद्धात दोन कोटींहून अधिक माणसे गमावलेल्या देशाला, आपल्या शहरांचे रक्षण करणे धोक्याचे आहे, हे ऐकणेच विपरीत वाटणार. जून 1967 मध्ये ग्लासबरो येथे अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी हाच मुद्दा काढला, तेव्हाही सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी संरक्षणाच्या नैतिकतेचीच बाजू घेतली.

तरीही पगवॉशच्या बैठकांत विषय पुन्हा पुन्हा निघत राहिला. अखेर 26 मे 1972 रोजी निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी मॉस्कोत करार केला आणि क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा आली. या कराराचे श्रेय एकट्या शास्त्रज्ञांचे नव्हे. खर्चाचा बोजा आणि राजकीय गरज या गोष्टीही होत्या. मात्र वाटाघाटींच्या टेबलावर आलेला तर्क सोव्हिएत बाजूला नवा राहिला नव्हता, हे त्या बैठकांचे काम.

प्रत्येक प्रयत्न फळला असेही नाही. 1967 मध्ये व्हिएतनाम युद्ध थांबावे म्हणून पगवॉशच्या ओळखींतून हर्बर्ट मार्कोविच आणि रेमों ओब्राक हे दोन फ्रेंच गृहस्थ अमेरिकेचा निरोप घेऊन हानोईला गेले आणि उत्तर व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह यांना भेटले. ओब्राक यांच्या घरी हो चि मिन्ह 1946 मध्ये राहून गेले होते. इतका घरोबा असूनही निरोपांची देवघेव काही महिन्यांत थांबली आणि युद्ध चालूच राहिले.

1995 चे नोबेल शांतता पारितोषिक पगवॉश परिषदा आणि त्यांचे एक संस्थापक जोसेफ रोटब्लाट यांना विभागून मिळाले. 1972 च्या करारातून अमेरिका 2002 मध्ये बाहेर पडली, पण तोवर तो तीस वर्षे टिकला होता. संघर्ष पेटताच परक्या देशातील सभासदांची निमंत्रणे रद्द करण्याचा ठराव एखाद्या व्यावसायिक परिषदेपुढे आला, तर उदयपूर ते मॉस्को ही आठ वर्षे त्या ठरावाविरुद्ध पुरावा म्हणून मांडावीत.