विद्यार्थी मतदार आणि कामगार घराची जबाबदारी

(महाराष्ट्रातील रेल्वे व टपाल कामगारांच्या नोएडा येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. दिल्ली-नोएडा भागात शिकणारी कामगारांची मुले-मुलीही या वर्गाला उपस्थित होती.)



आजचा आपला विषय विद्यार्थ्यांनी जागरूक मतदार होण्याचा आहे. हा विषय नोएडात मांडण्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की याच गावात, सेक्टर २४ मध्ये, व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था आहे. १९७४ साली ती स्थापन झाली आणि १९९५ साली तिला गिरींचे नाव देण्यात आले. गिरी हे आपल्याच चळवळीतले. नागपूरकरांना चांगल्या ठाऊक असलेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांची संघटना बांधणाऱ्यांपैकी ते एक. १९३७ च्या निवडणुकीत मद्रास प्रांतात हा कामगार पुढारी बोब्बिलीच्या राजांविरुद्ध उभा राहिला आणि त्यांच्याच बोब्बिलीत त्याने त्यांचा पराभव केला. राजेसाहेब काही साधे जमीनदार नव्हते. प्रांताचे मंत्रिमंडळ त्यांनी चालवले होते. त्या काळी मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहून मिळे, म्हणजे बहुसंख्य कष्टकऱ्यांना तो नव्हताच. तरीही मतपेटीने राजाला घरी बसवले. तेच गिरी १९६९ साली देशाचे राष्ट्रपती झाले.

दुसरे कारण याच्या अगदी उलट आहे. नोएडात मोठमोठे रस्ते आहेत, मेट्रो आहे, कारखाने आणि कचेऱ्या आहेत. पण नगरसेवक नाही. १७ एप्रिल १९७६ रोजी औद्योगिक क्षेत्र म्हणून या वसाहतीचे प्राधिकरण स्थापन झाले आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे पाणी, गटार, दिवाबत्ती, जमीन हा सारा कारभार प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांनीच पाहिला. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना निवडून आलेल्या नगरपालिकांचा हक्क दिला खरा, पण औद्योगिक नगरांना त्यातून वगळण्याची मुभाही तिच्यातच आहे. २०११ च्या जनगणनेत सहा लाखांवर वस्ती असलेल्या या शहराने आमदार निवडला, खासदार निवडला. मात्र नळाला पाणी का आले नाही, हे ज्याला मताच्या जोरावर विचारता येईल असा माणूस निवडला नाही. तक्रार अर्ज करता येतो. पण अर्जदार आणि मतदार यांत किती फरक असतो, हे संघटनेच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

ही गोष्ट फक्त नोएडाची आहे असे समजून आपण निश्चिंत राहू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तेथे प्रशासक बसले. पुणे, नाशिक, नागपूर अशा अनेक शहरांत हेच झाले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि महापालिकांचे मतदान प्रत्यक्षात जानेवारी २०२६ मध्ये झाले. म्हणजे मुंबईतला जो मुलगा २०२२ साली अठरा वर्षांचा झाला, त्याला आपला नगरसेवक निवडण्यासाठी बाविसावे वर्ष उजाडावे लागले.

आता विद्यार्थी मित्रांनी विचारावे की, “आम्हाला अजून नोकरी नाही, घर नाही, कर नाही, आमचा याच्याशी संबंध काय?” याचे उत्तर तुमच्या आईवडिलांच्या पगारपत्रकावर लिहिलेले आहे. २२ डिसेंबर २००३ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने नवी पेन्शन योजना आणली. १ जानेवारी २००४ पासून नोकरीत येणाऱ्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. ज्यांची पेन्शन गेली ते त्या दिवशी कुठे होते? शाळेत होते, महाविद्यालयात होते, भरतीचा अभ्यास करीत होते. नोकरीत असलेल्यांची पेन्शन राहिली. जे यायचे होते त्यांची गेली. योजना एका सरकारने आणली आणि तिचा कायदा २०१३ साली दुसऱ्या सरकारच्या काळात झाला, हेही ध्यानात ठेवावे. पुढे वीस वर्षे आंदोलने झाली, मोर्चे निघाले, तेव्हा १ एप्रिल २०२५ पासून एकत्रित पेन्शन योजनेचा पर्याय आला. तो पुरेसा आहे की नाही, हा आजचा विषय नव्हे. मुद्दा एवढाच की विद्यार्थ्याच्या म्हातारपणाचा निर्णय तो विद्यार्थी असतानाच होऊन जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रम संहितांचेही तसेच आहे. आज वसतिगृहात राहणारी मुले उद्या कारखान्यात वा कंपनीत जे नेमणूकपत्र हाती घेतील, ते या संहितांच्या चौकटीतले असेल.

मताचा हक्क आपल्याकडे कसा आला, हेही तरुणांना सांगितले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की कामगारांनी केवळ युनियनपुरते न राहता राजकारणातही आपली शक्ती उभी केली पाहिजे. आपल्यापैकी किती जणांची गाडी रोज मनमाडवरून जाते! स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा सतरा कोटींवर मतदार होते. तरी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेच सांगितले होते. हक्क घटनेने दिला होता, पण यादीत नाव नव्हते म्हणून तो वापरता आला नाही.

मतदानाचे वय २१ वरून १८ करणारी ६१ वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. मात्र अठरावा वाढदिवस झाला म्हणून नाव आपोआप यादीत जात नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी १८ ते १९ वयाचे नोंदलेले मतदार सुमारे १ कोटी ८० लाख होते; त्या वयाची मुले देशात याच्या दुपटीहून अधिक आहेत. बाकीची कुठे गेली? काही तर आपल्याच घरात बसली आहेत.

पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला आधीच अर्ज करून ठेवता येतो. नव्या नावासाठी अर्ज नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ आहे. अडचण आल्यास १९५० या क्रमांकावर विचारावे.

नोएडात शिकणाऱ्या मुलांची खरी अडचण वेगळी आहे. नाव भुसावळला, देह नोएडाला. मतदानाच्या दिवशी हजार-बाराशे किलोमीटर जायचे कसे? डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने दूरवरून मतदान करण्याच्या यंत्राचा नमुना जाहीर केला होता, पण त्यावर पक्षांचे एकमत झाले नाही. तेव्हा निर्णय विद्यार्थ्यानेच करायचा आहे. मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला असलेल्या वसतिगृहातील विद्यार्थ्याला आईवडिलांच्या घरी किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, यांपैकी एका ठिकाणी नाव नोंदवता येते. वसतिगृहासाठी संस्थाप्रमुखांचा दाखला लागतो. दोन्ही ठिकाणी नाव ठेवणे बेकायदेशीर आहे आणि खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आमचा सल्ला साधा आहे. ज्या गावच्या प्रश्नांची तुम्हाला माहिती आहे आणि जिथे मतदानाच्या दिवशी तुम्ही खरोखर पोहोचू शकता, तिथे नाव ठेवा.

नाव एकदा लागले की काम संपले, असेही नाही. २०२५ च्या जूनमध्ये बिहारात मतदार याद्यांची विशेष सखोल तपासणी सुरू झाली आणि नोव्हेंबरमध्ये ती उत्तर प्रदेशासह आणखी बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली. घर बदललेल्या माणसाचे नाव अशा वेळी पहिल्यांदा धोक्यात येते. बदलीमुळे क्वार्टर सोडणाऱ्या रेल्वे कामगाराने हे विशेष ध्यानात घ्यावे. आपल्या पोस्टमन बंधूंनाही हे ठाऊक आहे. मतदार ओळखपत्र आता स्पीड पोस्टाने येते. खोली सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचे कार्ड परत पाठवावे लागते, तेव्हा एक मत वाया जाण्याची ती पहिली खूण असते.

आता माहितीविषयी. मत द्यायचे ते कशाच्या आधारावर? जात, ओळख, आदल्या रात्रीची पाकिटे, मोबाईलवर आलेला कुणाचा तरी निरोप, हे आधार नव्हेत. उमेदवाराला आज आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरील फौजदारी खटले शपथपत्रावर जाहीर करावे लागतात. हे कुणी खुशीने दिलेले नाही. १९९९ साली काही प्राध्यापकांनी एक संस्था काढून दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांत जगदीप छोकर होते, जे प्राध्यापक होण्याआधी रेल्वेत अभियंते होते. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतदाराचा माहितीचा हक्क मान्य केला. त्यावर कायदा बदलून तो निकाल बोथट करण्याचा प्रयत्न झाला, पण १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती दुरुस्तीही रद्द केली. एवढ्या खटपटीने मिळालेला कागद आपण वाचतही नसू, तर दोष कुणाचा? कोणताच उमेदवार पटला नाही, तर २०१३ पासून नकाराचे बटणही आहे. घरी बसून राहण्यापेक्षा ते दाबणे बरे.

मतदानाची सवय विद्यार्थिदशेतच लागावी लागते. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका बंद केल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद झाली, पण त्या नियमित सुरू झाल्या असे म्हणता येत नाही. त्यामुळे आपल्या मुलांनी एकदाही मतपत्रिका हाती न घेता पदवी घेतली. त्यांच्यापेक्षा त्यांच्या वडिलांना अनुभव अधिक आहे. रेल्वेत संघटनांच्या मान्यतेसाठी २००७, २०१३ आणि डिसेंबर २०२४ मध्ये गुप्त मतदान झाले. त्या वेळी गँगमनपासून गार्डपर्यंत प्रत्येकाला मतदान केंद्रापर्यंत आणायला आपण किती धडपडलो! ती धडपड घरातल्या मुलासाठी का करू नये?

आकडे पाहा. एप्रिल २०२४ मध्ये नोएडा ज्यात येते त्या गौतम बुद्ध नगर मतदारसंघात ५४ टक्क्यांच्या आतच मतदान झाले. त्याच निवडणुकीत आपल्या रेल्वेच्या कल्याणात ते ५० टक्क्यांच्या जेमतेम वर गेले. आणि जिथे रेल्वे अजून नीट पोहोचायची आहे, त्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के! जंगलातल्या वाटेने मैलोगणती चालत जाणाऱ्या माणसाने मत दिले आणि लोकलच्या स्टेशनाजवळ राहणाऱ्याने दिले नाही.

एक खुलासा आवश्यक आहे. आपण सरकारी सेवक आहोत. टपाल खात्याचे १९६४ चे आणि रेल्वेचे १९६६ चे वर्तणूक नियम आपल्याला पक्षाचा प्रचार करू देत नाहीत. मत देण्याचा हक्क ते मान्य करतात, पण मत कुणाला दिले वा देणार, हे सूचित करू नये असेही सांगतात. म्हणून या व्यासपीठावरून कोणत्याही पक्षाचे नाव आलेले नाही आणि शाखांतूनही येऊ नये. मुलांवरही आपले मत लादू नये. जो मुलगा वडिलांच्या सांगण्यावरून शिक्का मारतो, तो उद्या साहेबाच्या सांगण्यावरूनही मारील. त्याला प्रश्न विचारायला शिकवावे. उत्तर त्याचे त्याला शोधू द्यावे.

शाखांपुढे आम्ही चार कामे ठेवतो. एक, सतरा वर्षे पूर्ण झालेल्या सभासदांच्या मुला-मुलींची यादी करावी, आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलींची नावे तेथे लागली की नाही हेही पाहावे. दोन, निवडणूक आयोगाचा स्थापना दिन असलेल्या २५ जानेवारीला, जो २०११ पासून राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळला जातो, अर्ज भरून घ्यावेत. तीन, निवडणूक आली की आपल्या मतदारसंघातील सर्व उमेदवारांची शपथपत्रे मुलांनी काढावीत आणि घरात सर्वांदेखत वाचावीत. सर्वांची वाचावीत, एकाची नव्हे. चार, खाजगी नोकरीत लागलेल्या मुलांना सांगावे की मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब चा हक्क आहे. ती मालकाची मेहेरबानी नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या आईवडिलांनी रात्रपाळ्या करून, पावसापाण्यात टपाल वाटून तुम्हाला इतक्या दूर शिकायला पाठवले. तुम्ही येथून पदवी घेऊन जा, नोकरी घेऊन जा. त्याबरोबर आपले नाव मतदार यादीत आहे की नाही, हे या आठवड्यातच पाहून घ्या. पुढची पेन्शन, पुढची भरती, पुढचा कामगार कायदा कधी ठरेल हे कुणी सांगू शकत नाही. तो ठरेल तेव्हा तुमची मोजदाद व्हावी, एवढीच आमची इच्छा आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!