पहिला ट्रान्समीटर घेताना

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत मुले विमानांच्या प्रतिकृती उडविण्यास शिकतात. त्यांच्यासाठी ट्रान्समीटर घेताना किमतीपूर्वी एक चौकशी करावी: शिकविणाऱ्याच्या हाती कोणता ‘मोड’ आहे? मोड २ मध्ये मोटारीचा वेग डाव्या दांडीवर असतो, मोड १ मध्ये उजव्या. मोड निराळे असले आणि विमान खाली झेपावत असता शिक्षकाने मुलाचे यंत्र हाती घेतले, तर त्याचाच हात चुकतो. दोन ट्रान्समीटर जोडण्याची सोय अवश्य पाहावी. शिक्षकाने कळ सोडली की नियंत्रण तत्क्षणी त्याच्याकडे परतते. चॅनेल चार पुरेत. दुकानदार अधिक सांगेल, ऐकून घ्यावे. रिसीव्हर मात्र ट्रान्समीटरच्याच संदेशपद्धतीचा हवा. पहिले विमान बहुधा मोडणारच. ट्रान्समीटर दुसऱ्यालाही चालतो, म्हणून चार पैसे अधिक घालावयाचे तर ते येथे घालावेत.